आवडता खेळ कपाटातच राहतो, काय करू?

पत्र (थोडक्यात) :

“मला आधुनिक स्ट्रॅटेजी बोर्ड गेम्सचा नाद लागून पाच वर्षं झाली. सुरुवात ‘कटान’पासून झाली, आता कपाटाचे दोन कप्पे भरलेत. खरा जीव जडलाय तो चार खेळांवर : ‘ॲग्रिकोला’, ‘ब्रास : बर्मिंगहॅम’, ‘टायग्रिस अँड युफ्रेटिस’ आणि ‘टेराफॉर्मिंग मार्स’. अडचण अशी की खेळायला कुणी नाही. मागच्या महिन्यात घरच्यांना आग्रह करकरून ‘ॲग्रिकोला’ला बसवलं. नियम सांगण्यातच पाऊण तास गेला, डाव संपायला रात्रीचे साडेअकरा वाजले. माझे 38 गुण, धाकट्या भावाचे 15, पत्नीचे 11 आणि पंधरा वर्षांच्या मुलीचे 6. मुलगी एवढंच म्हणाली, ‘बाबा, माझं काय चुकलं तेसुद्धा मला कळलं नाही.’ तेव्हापासून मी खोका काढला की प्रत्येकाला काहीतरी काम आठवतं. तसं त्यांना खेळांचं वावडं नाही. पत्नी रोज शब्दकोडं सोडवते, भाऊ पत्त्यांत तरबेज आहे, मुलगी तासन्‌तास चित्रं काढत बसते. मी मुद्दाम हरायला हवं का? की हे खेळ विकून मोकळं व्हावं? – पटावर एकटा”

प्रिय ‘पटावर एकटा’,

तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य तुमच्या मुलीचं आहे. सहा गुण मिळाले याची तक्रार ती करत नाहीये. आपण केलेली चाल आणि त्यातून झालेलं नुकसान यांचा धागा तिला सापडला नाही, हे तिचं दुखणं आहे. हा प्रश्न खेळात जीव असलेल्या माणसालाच पडतो. कंटाळलेला माणूस ‘संपलं का एकदाचं’ म्हणतो. तेव्हा घरात खेळाडू नाहीत हा समज आधी काढून टाका. त्या रात्री त्यांच्यासमोर ठेवलेला खेळ चुकला होता, इतकंच.

‘ॲग्रिकोला’ हा शेतीचा खेळ तुम्हाला का आवडतो ते जरा आठवून पाहा. एकूण 14 फेऱ्या. चौथीनंतर पहिली कापणी, मग सातवी, नववी, अकरावी, तेरावी आणि चौदावी. म्हणजे सुरुवातीला चार फेऱ्यांची सवड मिळते आणि शेवटी शेवटी श्वास घ्यायलाही फुरसत नसते. प्रत्येक कापणीला माणशी दोन अन्न द्यायचं, नाही जमलं तर भिकेचं पान पदरात पडतं आणि त्याचे तीन गुण वजा. घरात माणूस वाढवला की काम जास्त होतं, पण खाणारं तोंडही वाढतं. ही ओढाताण तुम्हाला प्रिय आहे, कारण तुम्ही ती पंधरा-वीस डाव सोसली आहे. कितव्या फेरीत मेंढ्या आणायच्या, चूल कधी बांधायची, हे तुमच्या हाताला ठाऊक झालंय. घरच्यांना त्या रात्री काय दिसलं? पटावर पसरलेली ढीगभर कामं, हातात सात व्यवसायांची आणि सात सुधारणांची मिळून 14 पानं, आणि शेवटी ‘तुझं शेत रिकामं राहिलं, तुझ्याकडे डुक्कर नाही, तुझे गुण वजा’ अशी यादी. पहिल्यांदा खेळणाऱ्याला ही यादी शिक्षेसारखी वाटते.

याबाबतीत तुमच्या बाजूने एक जुना दाखला देते. जर्मनीत 1979 पासून ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार दिला जातो. ‘ॲग्रिकोला’ 2007 साली आला आणि जाणत्या खेळाडूंनी तो डोक्यावर घेतला. तरीही 2008 मध्ये मुख्य पुरस्कार राइनर क्नीझिया यांच्या ‘केल्टिस’ या कितीतरी साध्या खेळाला मिळाला, आणि ‘ॲग्रिकोला’ला ‘गुंतागुंतीचा खेळ’ म्हणून वेगळं खास पारितोषिक देण्यात आलं. पुढे 2011 पासून जाणत्यांच्या खेळांसाठी स्वतंत्र पुरस्कारच सुरू झाला. ज्यांचं कामच खेळ पारखणं आहे त्यांनीही दोन वेगळी टेबलं मांडली. तुम्हीही तेच करा.

तुमच्या इतर आवडत्या खेळांकडेही याच नजरेने पाहा. ‘ब्रास’मध्ये कालव्यांचं युग संपलं की सगळे कालवे पटावरून उचलले जातात, पहिल्या पातळीचे कारखानेही जातात. तुम्ही ते धरूनच आखणी करता. नवख्या माणसाला मात्र तासभर बांधलेलं डोळ्यांदेखत पुसलं गेल्यासारखं वाटतं. ‘टायग्रिस अँड युफ्रेटिस’मध्ये चार रंगांपैकी ज्या रंगात तुम्ही सर्वांत कमी तोच तुमचा गुण. क्नीझिया यांची 1997 मधली ही कल्पना मला आजही थक्क करते. पण पहिल्या डावात माणूस एका रंगाचा डोंगर रचतो आणि शेवटी कळतं की त्या डोंगराला किंमतच नव्हती. दहाव्या डावाला जे गुण वाटतात ते पहिल्या डावाला दोष ठरतात. म्हणून तुमचे आवडते खेळ सध्या वर ठेवा आणि कपाटाऐवजी समोरच्या माणसांकडे पाहून खेळ निवडा. तुम्ही प्रत्येकाची आवड इतकी नेमकी लिहिली आहे, की माझं अर्धं काम तुम्हीच केलंय.

आधी वहिनींचा विचार करू. व्लादा ख्वातिल यांचा ‘कोडनेम्स’ हा 2015 मधला खेळ तुम्हाला हलका वाटत असेल, पण शब्दकोडं सोडवणाऱ्या माणसासाठी याहून चांगला दरवाजा मला माहीत नाही. आणि तो मराठीत खेळा. 25 चिठ्ठ्यांवर 25 मराठी शब्द लिहा, पाच-पाचच्या रांगा लावा. दोन जोड्या करा. प्रत्येक जोडीतला एक जण संकेत देणारा. कोणता शब्द कुणाचा याचा नकाशा फक्त संकेत देणाऱ्या दोघांसमोर : सुरुवात करणाऱ्या जोडीचे नऊ, दुसरीचे आठ, सात कुणाचेच नाहीत आणि एक काळा, ज्याला बोट लागलं की डाव तिथेच हरला. संकेत म्हणजे एक शब्द आणि एक आकडा, त्यावरून जोडीदाराने आपले तितके शब्द ओळखायचे.

शब्द निवडताना मुद्दाम दोन-तीन अर्थांचे घ्या. पात्र, अंक, कर, पक्ष, वार, माळ, चाल, तार. ‘नाटक, दोन’ म्हटलं की पात्र आणि अंक दोन्ही सापडतात. पण समोरच्या जोडीचा शब्द ‘चाल’ असेल तर? नाट्यपदालाही चाल असते. आणि काळा शब्द ‘पडदा’ असेल तर ‘नाटक’ म्हणायची छाती होणार नाही. मग ‘भांडं’ म्हणून फक्त ‘पात्र’ उचलायचं, की दोघांना जोडणारा दुसरा एखादा शब्द शोधायचा? ही आखणी आहे, हा धोका तोलणं आहे, म्हणजे स्ट्रॅटेजीच आहे. फरक इतकाच की इथे तुमच्या पत्नीचं भांडार तुमच्यापेक्षा मोठं आहे. त्या जिंकतील, आणि तुम्हाला मुद्दाम हरावं लागणार नाही. मी हा प्रकार कितीतरी टेबलांवर पाहिला आहे : खेळ शिकवणारा माणूस हरतो तेव्हा बाकीचे खुर्ची पुढे ओढून बसतात.

भावासाठी थॉमस झिंग यांचा ‘द क्रू’ घ्या. पत्ते खेळणाऱ्याला त्यात शिकवण्यासारखं फार थोडं आहे. चार रंग, प्रत्येकी एक ते नऊ, आणि चार रॉकेटं हा कायमचा हुकूम. उतारी झाली की त्याच रंगाचं पान टाकायचं, नसेल तर दुसरं किंवा हुकूम. हात मोठ्या पानाचा. पण सगळे एकाच बाजूला! ‘हिरवी सहा तू जिंकायचीस, पिवळी एक तिने’ अशी कामं वाटलेली असतात, आणि हातातल्या पानांबद्दल बोलायची मनाई. एका मोहिमेत प्रत्येकाला एकदाच एक पान उघडं ठेवून सांगता येतं, की माझ्याकडचं या रंगाचं हे सर्वांत मोठं, सर्वांत लहान किंवा एकुलतं एक आहे. अशा 50 मोहिमा आहेत आणि सुरुवातीच्या काही मिनिटांत संपतात. तुमच्या घरासाठी या खेळाचा आणखी एक मोठा फायदा : यात तुम्ही कुणाला ‘असं नको, तसं खेळ’ म्हणूच शकत नाही. सहकाराचा खेळ म्हणून ‘पँडेमिक’ घ्यावा असं तुमच्या मनात येईल. तो खेळ मला फार आवडतो, पण त्यात सगळी पानं उघडी ठेवून चर्चा चालते आणि सर्वांत अनुभवी माणूस नकळत चौघांच्या पाळ्या खेळतो. तुमच्या टेबलावर तो माणूस तुम्ही असाल. सध्या नको.

आता मुलगी. तिच्यासाठी ‘अझुल’. माइकल कीसलिंग यांच्या या खेळाला 2018 चा ‘श्पील देस यारेस’ मिळाला. पोर्तुगालच्या रंगीत फरश्यांवरून सुचलेला हा खेळ हाताला आणि डोळ्याला सुखावतो. पण मी तो सुचवते आहे ते सुंदर आहे म्हणून नव्हे. तिचा प्रश्न होता ‘माझं काय चुकलं’, आणि ‘अझुल’मध्ये चूक समोर पडलेली दिसते. जास्तीच्या फरश्या घेतल्या की त्या खालच्या पट्टीत पडतात आणि तिथे वजा एक, वजा एक, वजा दोन असं छापलेलंच असतं. पुढच्या फेरीत ती सावध होईल. तिसऱ्या फेरीत तुम्हाला नकोशा पाच निळ्या फरश्या तुमच्याच गळ्यात कशा मारायच्या हे तिला कळेल. चाल, परिणाम आणि सुधारणा हे चक्र वीस मिनिटांत पुरं होतं. ‘ॲग्रिकोला’त त्यालाच तीन-चार डाव लागतात.

खेळ शिकवायचा कसा, याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचा तो पाऊण तास मला सर्वांत जास्त खटकला. माणसं येण्याआधी पट मांडून ठेवा. ती बसल्यावर तुम्ही फरश्या मोजत बसलात तर पहिली दहा मिनिटं तिथेच गेली. मग आधी शेवट सांगा, नंतर एक पाळी, आणि अपवाद अगदी वेळेवर. ‘अझुल’ असा सांगता येईल : “आपण सगळे भिंत सजवतोय. कुणाची तरी पाच फरश्यांची आडवी ओळ पुरी झाली की ती फेरी शेवटची. पाळी आली की एका चकतीवरच्या एकाच रंगाच्या सगळ्या फरश्या उचलायच्या, उरलेल्या मध्ये सरकवायच्या. उचललेल्या आपल्या एका रांगेत ठेवायच्या. रांगेत मावल्या नाहीत तर त्या खाली पडतात आणि गुण जातात. चला, तू उचल.” एवढंच. उभी ओळ पुरी केली तर सात गुण जास्त आणि एका रंगाच्या पाचही फरश्या बसवल्या तर दहा, हे पहिल्या फेरीनंतर सांगितलं तरी चालतं. नियमपुस्तिका ज्या क्रमाने लिहिलेली असते त्या क्रमाने कधीही शिकवू नका. ती शंका आल्यावर उघडून बघण्यासाठी असते.

पहिल्या दोन फेऱ्या सगळेच लिंबूटिंबू. गुण धरायचे नाहीत, चाल मागे घ्यायला मुभा, हातातली पानं उघडी. मग पट पुसून खरा डाव. लहानपणी गल्लीत नव्या भिडूला आपण हे देत होतो, मोठ्यांनाही द्यायला हवं. यात जाणारी दहा मिनिटं वाया जात नाहीत.

आणि डाव चालू असताना गप्प राहा. समोरच्याची चाल चुकते आहे हे तुम्हाला दिसेल, जीभ वळवळेल, तरी गप्प राहा. कुणी विचारलं तर दोन पर्याय दाखवा, उत्तर सांगू नका. डाव संपल्यावर ‘तू सातव्या फेरीत असं केलं असतंस तर’ हेही नको. त्याऐवजी विचारा, “तुझी कुठली चाल तुला आवडली?” लोक आपल्या चालीबद्दल भरभरून बोलतात, आणि बोलता बोलता पुढच्या डावाची आखणी करू लागतात.

मुद्दाम हरण्याबद्दल विचारलंत. नको, अजिबात नको. घरच्या माणसांना ते दोन पाळ्यांत कळतं आणि जिंकल्याचा आनंद तर जातोच, वर मान राखला गेला नाही ही खंत राहते. त्यापेक्षा उघडपणे स्वतःवर ओझं घ्या. ‘तिकिट टू राइड’ खेळाल तेव्हा (तुमच्या चौघांच्या टेबलासाठी तो खेळ मला हवाच आहे) सुरुवातीच्या तीन तिकिटांपैकी (तिकीट म्हणजे दोन शहरं रुळांनी जोडायचं काम) दोन ठेवली तरी चालतात. तुम्ही तिन्ही ठेवा, आणि तसं सगळ्यांना सांगा. तिकीट पुरं झालं नाही तर त्याचे गुण वजा होतात, त्यामुळे तुमचा डाव खरोखरच अवघड होईल आणि तुम्ही मनापासून खेळाल. ॲलन मून यांच्या या 2004 मधल्या खेळात पाळीला तीनच गोष्टी करता येतात : पानं उचला, रूळ टाका किंवा नवी तिकिटं घ्या. नियम पाच मिनिटांचे, पण 45 डबे संपत आले की एकेका रुळासाठी जी घालमेल होते ती कुठल्याही मोठ्या खेळाच्या तोडीची आहे. काही खेळांत तर पुढे असलेल्याला मागे खेचण्याची सोय नियमांतच आहे. फ्रीडमन फ्रीझे यांच्या ‘पॉवर ग्रिड’मध्ये आघाडीवरचा खेळाडू इंधन सर्वांत शेवटी घेतो, आणि तोवर स्वस्त इंधन इतरांनी उचललेलं असतं. सहा महिन्यांनी त्या खेळाचा विचार जरूर करा.

एक छोटी सूचना फक्त तुम्हा नवरा-बायकोसाठी. ‘ॲग्रिकोला’ ज्यांनी रचला त्याच उवे रोझेनबर्ग यांचा ‘पॅचवर्क’ हा दोघांचा, अर्ध्या तासाचा खेळ आहे. नऊ बाय नऊच्या चौकटीत कापडाचे तुकडे बसवायचे. प्रत्येक तुकड्याची किंमत बटणांत आणि वेळेत. जो वेळेत मागे तो पुढची चाल खेळतो, आणि शेवटी प्रत्येक रिकाम्या घराचे दोन गुण वजा. तुम्हाला ‘ॲग्रिकोला’तली टंचाई आवडते ना? ती सगळी यात आहे, फक्त मुठीत मावेल एवढी.

विकण्याचा प्रश्न राहिला. विकू नका. ज्या खेळावर प्रेम आहे तो खेळायला मिळत नाही म्हणून घालवला तर ती रुखरुख फार काळ टिकते. पण त्या चार खेळांसाठी दुसरं टेबल शोधा. ‘ब्रास’ आणि ‘टायग्रिस’ दोघांतही खेळता येतात, म्हणजे महिन्यातून एकदा येणारा एक समानधर्मी मित्र पुरे. ‘ॲग्रिकोला’ आणि ‘मार्स’ एकट्यानेही खेळता येतात. एकट्याच्या ‘ॲग्रिकोला’त माणशी दोनऐवजी तीन अन्न लागतं, आणि ‘मार्स’मध्ये मंगळ राहण्याजोगा करण्यासाठी 14 पिढ्यांच्या (म्हणजे फेऱ्यांच्या) आत तापमान, प्राणवायू आणि समुद्र तिन्ही पुरे करावे लागतात. संध्याकाळ छान जाते. आणि एकट्याने पट मांडून बसलेल्या माणसाच्या खांद्यावरून घरातलं कुणीतरी डोकावतंच. डोकावलं तर बोलावू नका. विचारलं तर सांगा.

घरच्या टेबलावर दोन-तीन महिने वर सांगितलेले खेळ रुळले, की मधली पायरी म्हणून ‘विंगस्पॅन’ काढा. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांच्या या 2019 मधल्या खेळात 170 पक्षी आहेत, प्रत्येक वेगळा, आणि तुमची मुलगी आधी चित्रंच पाहत बसेल. पाहू द्या. पहिल्या फेरीत आठ पाळ्या, मग सात, सहा आणि शेवटी पाच. पाळ्या घटत जातात, पण पटावर पक्षी वाढल्यामुळे एकेक पाळी आधीपेक्षा जास्त देऊन जाते. आज लावलेलं पुढे फळतं हा मोठ्या खेळांचा मूळ धडा इथे कुणाचं काही न हिसकावता शिकता येतो. त्यानंतर तुमच्या चार आवडत्या खेळांतला पहिला नंबर ‘टेराफॉर्मिंग मार्स’चा लावा. त्यात नवख्यांसाठी सोप्या कंपन्या दिलेल्याच आहेत : 42 मेगाक्रेडिट (खेळातले पैसे) हातात, आणि पहिली दहा पानं पैसे न मोजता ठेवायची. शिवाय उणे 30 अंशांपासून अधिक आठपर्यंत चढणारं तापमान सगळ्यांना सतत दिसत असतं, त्यामुळे आपण कुठे चाललोय हे विचारावं लागत नाही.

‘ॲग्रिकोला’ मात्र तुम्ही काढू नका. तो त्यांनी मागू दे. ज्या दिवशी मुलगी म्हणेल, ‘बाबा, तो शेतीचा खेळ पुन्हा बघूया का’, त्या दिवशी हातातली 14 पानं खोक्यातच ठेवा, त्यांच्याशिवाय खेळ उत्तम चालतो. कापणीच्या सहा फेऱ्यांचे आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पटाशेजारी ठेवा. आणि पहिली पाळी तिला द्या.